पिल्लाला भरवायचं कोणी?



कॉकाटील घ्यायला पक्ष्यांच्या दुकानात गेलात, की एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो. "साहेब, लहानच न्या. हातानं भरवलंत, की जन्मभर खांद्यावरून उतरणार नाही." मग अंगावर धड पिसंही न फुटलेलं पिल्लू, एक सिरिंज आणि कसल्याशा भुकटीची पुडी घेऊन माणूस घरी येतो. मुलं खूश होतात. खरी परीक्षा रात्रीपासून सुरू होते.

आधी एक खुलासा. मी बोलतोय ते परदेशी वंशाच्या, पिंजऱ्यातच पैदास झालेल्या पोपटांबद्दल. आपला गळ्यात कंठी असलेला हिरवा पोपट किंवा मोठा पहाडी पोपट घरात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. मग तो विकत घेतलेला असो की झाडाखाली सापडलेला. ढोलीतून पडलेलं पिल्लू दिसलं आणि ढोली हाताशी असली, तर ते परत आत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लू टाकतात, ही निव्वळ समजूत आहे. ढोलीच राहिली नसेल, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आता कॉकाटीलकडे येऊ. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम चार-पाच ग्रॅमचं असतं, डोळे मिटलेले, अंगावर पिवळी लव. नर आणि मादी दोघंही अंडी उबवतात आणि दोघंही भरवतात. आधी गळ्याखालच्या पिशवीत दाणे भिजतात, मग चोचीत चोच घालून ते पिल्लाला दिले जातात. पक्ष्याचं अंग चाळीस अंशांच्या आसपास गरम असतं, म्हणजे प्रत्येक घास आयता कोमट.

हे काम आपण अंगावर घेतलं, की तो कोमटपणा थर्मामीटरनं मोजावा लागतो. भरवायचं खाद्य ३९ ते ४१ अंशांवर हवं. त्याहून थंड असलं तर पिशवी रिकामी होत नाही, अन्न आत आंबतं. फार गरम असलं तर पिशवी आतून भाजते आणि काही दिवसांनी तिथली कातडी फाटून खाद्य बाहेर गळू लागतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेल्या वाटीत एक घास कोमट, तर दुसरा चटका देणारा निघतो. म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवावी. आणि दूध-पाव नकोच. दुधातली साखर पक्ष्याला पचत नाही. नुसत्या पावावर किंवा डाळीवर वाढलेल्या पिल्लाच्या हाडांना कॅल्शियम मिळत नाही, पाय वाकडे होतात.

भरवताना नीट पाहा. चोचीच्या कडेला हलका स्पर्श झाला, की पिल्लू मान वरखाली हलवू लागतं. ते मान हलवतंय तोवर गिळतंय. हलवणं थांबलं, की सिरिंजही थांबली पाहिजे, नाहीतर खाद्य श्वासनळीत उतरतं आणि पिल्लू हातातच जातं. सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूनं, उजवीकडे रोख ठेवून धरावी, कारण अन्ननलिका मानेत उजवीकडून जाते. रोज सकाळी भरवण्याआधी वजन करावं. एखाद्या सकाळी वजन उतरलं, तर दुकानदाराला नव्हे, पक्ष्यांच्या डॉक्टरांना गाठावं. नुकतं जन्मलेलं पिल्लू असेल, तर हे सगळं दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. ज्यांना ऑफिस आहे त्यांनी याचा विचार आधीच केलेला बरा.

आईबाप मेले, त्यांनी पिल्लू टाकलं किंवा ते पिसं उपटू लागले, तर इलाज नसतो. तेव्हा जाणत्याकडून शिकून हे करावंच. पण केवळ लळा लागावा म्हणून? कॅलिफोर्नियात, डेव्हिसच्या विद्यापीठात अ‍ॅमेझॉन पोपटांवर झालेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. पिल्लं आईबापांकडेच राहिली, तेच भरवत होते. माणसं फक्त रोज थोडा वेळ त्यांना हातात घेत. ती पिल्लंही माणसाळली. म्हणजे लळा सिरिंजनंच लागतो, असं काही नाही. दुकानदाराच्या आग्रहामागं माझ्या मते हिशेब वेगळा आहे: पिल्लू लवकर विकलं गेलं, की भरवण्याची मेहनत वाचते आणि मेलं तर ते गिऱ्हाइकाच्या घरी मरतं.

तेव्हा पिल्लू घ्यायचंच असेल, तर दुकानदाराला सांगा, "ते स्वतः दाणे फोडून खाताना मला दाखव." एकदा नव्हे, दोन वेगवेगळ्या दिवशी जाऊन पाहा. तोवर पैसे देऊ नका.