ओंडके ओढायची घरगुती कमान : भंगारातून काम, बैलांना आराम



मृगाच्या आधी वादळवारा सुटतो आणि धुऱ्यावरची बाभूळ नाहीतर निंब वावरात आडवा पडतो. पेरणी तोंडावर असते, म्हणून आपण काय करतो? ओंडक्याला साखळी बांधतो, बैलजोडी जुपतो आणि फरफटत ओढून नेतो. पाच-सहा ओंडके निघतात खरे, पण बैलांच्या माना सुजतात, आणि ऐन पेरणीत जोडी बसून राहते. कधी ओंडका उतारावर घरंगळतो आणि माणसाच्या पायावर येतो. शिवाय ओंडक्याने पाडलेल्या घळीतून पहिल्याच पावसात माती वाहून जाते. मानोरा, मंगरूळपीर, मालेगाव भागांतल्या चढउताराच्या जमिनीत आणि अडाण, अरुणावतीच्या काठच्या वावरांत हे नुकसान सहज डोळ्यांना दिसते.

यावर उपाय सोपा आहे. दोन चाके, त्यांवर लोखंडी कमान आणि पुढे लांब दांडी. ओंडका कमानीला टांगायचा, म्हणजे त्याचे नाक जमिनीवरून उचलले जाते. ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १८७५ च्या सुमारास सायलस ओव्हरपॅक नावाचा गाडी बनविणारा कारागीर माणसापेक्षा उंच चाकांच्या अशा गाड्या जंगलकामासाठी बनवीत असे. आपल्याला एवढ्या उंच चाकांची गरज नाही. घरामागे पडलेली रबरी टायरची जुनी बंडी पुरे होते.

आधी हिशोब

ओंडक्याचे वजन डोळ्याने ओळखू येत नाही, ते मोजून काढावे. ओंडक्याच्या मधल्या भागाला दोरी गुंडाळून घेर फुटांत मोजा. घेराला घेराने गुणा, आलेल्या आकड्याला लांबीने गुणा आणि साडेबाराने भागा. हे झाले घनफूट. ओल्या लाकडाचा एक घनफूट ३० किलो धरावा. उदाहरणार्थ, घेर ४ फूट आणि लांबी १० फूट असेल, तर चार चोक सोळा, सोळा दाहे १६०, भागिले साडेबारा, म्हणजे सुमारे १३ घनफूट. वजन झाले ३८० ते ३९० किलो.

आता बैलांचे पाहू. जोडी सतत चालताना आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी ओढ देते. दोन्ही बैल मिळून ७०० किलोचे असतील, तर ओढ ७० किलोची. वरचा ओंडका जमिनीवरून फरफटवायला त्याच्या निम्म्या वजनाएवढी, म्हणजे १९० किलोच्या आसपास ओढ लागते. मग माना सुजणार नाहीत तर काय? नाक उचलले की ओढ ११०-११५ वर येते. पन्नास पावले चालून दम देत गेले तर जोडी हे काम करते. आणि आठ फुटांचा ओंडका पूर्ण अधांतरी टांगला, तर सपाट व कडक जमिनीवर ४० किलोच्या आसपास ओढ पुरते.

सामान काय लागेल

१. टायरच्या जुन्या बंडीची दोन चाके आणि आख. बेअरिंग उघडून पाहा. खडखडत असेल तर बदला, नसेल तर धुऊन ग्रीस भरा. टायर गुळगुळीत असला तरी चालतो, फुगलेला किंवा फाटलेला नको.

२. चार इंची लोखंडी चॅनल, दोन खांब, तुळई आणि तिरके आधार निघतील एवढा. मोडलेल्या ट्रॉलीच्या सांगाड्यात हा मिळतो. गंजून पापुद्रे सुटलेला तुकडा घेऊ नये.

३. दांडीसाठी अडीच इंची जाड पाईप, १२ फूट.

४. बोटाएवढ्या जाडीच्या कड्यांची साखळी, दोन तुकडे. प्रत्येक कडी हातात घेऊन पाहा. झिजलेली किंवा ताणून लांबलेली कडी कापून टाका. दोरखंडावर भरवसा ठेवू नका.

कमान कशी बनवावी

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. आख आधी कापू नका. आधी कापला तर दोन्ही चाके एका रेषेत बसत नाहीत, गाडी तिरकी चालते आणि टायर खाते. म्हणून अखंड आखावरच कमान उभारायची आणि मधला तुकडा सर्वांत शेवटी काढायचा.

चाके आखावर चढवून गाडी सपाट जागी ठेवा. चॅनलचे अडीच-अडीच फुटांचे दोन खांब आखावर उभे करा. दोन्ही खांबांत आतून ३ फूट अंतर असावे. वर आडवी तुळई टाका. तिची रुंद बाजू उभी राहील अशी बसवा, म्हणजे ती वाकत नाही. खांब आणि तुळई यांच्या दोन्ही कोपऱ्यांत चॅनलचे तिरके आधार द्या. आधाराशिवाय कमान पहिल्याच झटक्याला फाकते.

दांडीचे पुढचे टोक आपल्या बैलांच्या मानेच्या उंचीवर टेकवा. मागचे टोक दोन फाट्यांनी दोन्ही खांबांच्या बुडाशी जोडा. दांडी जुवाच्या उंचीवर असताना खांब बैलांच्या बाजूला सहा इंच झुकते राहतील असे धरूनच वेल्डिंग करा. या झुकावामुळे थोडा भार दांडीवर येतो आणि जू वर उचलत नाही. तुळईच्या मधोमध जाड पट्टीचा वेढा देऊन त्यात कडी अडकवा. नुसती टाक्याने चिकटवलेली कडी तुटते. हे सगळे पक्के झाले की मग दोन खांबांमधला आखाचा तुकडा कापून काढा. ओंडक्याला वाट मोकळी झाली.

वेल्डिंगवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा. हवा भरलेला टायर रिंगवर असताना रिंगला वेल्डिंग करू नये. आतली हवा तापून टायर फुटतो आणि माणूस दगावतो. दुसरे, पाईप जस्ताचा असेल तर जोडाजवळचे जस्त आधी घासून काढावे. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की ताप भरतो.

वापरायची रीत

बैल सोडून बाजूला बांधा. कमान ओंडक्यावर आणा. दांडीच्या टोकाला दोर बांधून दांडी वर उचला, म्हणजे कमान मागे कलंडते आणि तुळई खाली येते. ओंडक्याच्या टोकापासून दीड फुटावर साखळीचा फास टाका आणि ती तुळईच्या कडीत आखूड अडकवा. आता दोर ओढून दांडी खाली घ्या. वरच्या हिशोबातल्या ओंडक्याला सुमारे ५० किलोचा जोर लागतो, दोन माणसांना तो जमतो. दांडीवर बसू नका, तिच्या वर वाकू नका. साखळी निसटली तर दांडी उसळते आणि हनुवटी फोडते.

दुसरी साखळी ओंडक्याच्या नाकाला बांधून दांडीला ताणून घ्या. हे विसरू नका. ओढ या साखळीतून गेली पाहिजे, कमानीने फक्त भार वाहायचा. नाहीतर ओढताना दांडी वर उठते आणि जोते बैलांच्या गळ्याला आवळते.

ओंडका पूर्ण टांगायचा असेल, तर तो आठ फुटांच्या आतलाच घ्या. लांब ओंडक्याचे टोक बैलांच्या मागच्या पायांना लागते. साखळी मध्यापासून चार बोटे मागे बांधा. उतारावर मात्र ओंडका पूर्ण टांगू नये. शेपूट जमिनीला घासू द्यावी, तोच आपला ब्रेक. जास्त उतार असेल तर शेपटीला साखळीचे दोन वेढे द्यावेत.

या कमानीला ४०० किलोपेक्षा जास्त भार देऊ नका. ओंडका जड निघाला तर करवतीने दोन तुकडे करा. चालताना बाजूने चाला. ओंडका आणि बैल यांच्या मध्ये किंवा उताराच्या खालच्या अंगाला राहू नका. काळी जमीन ओली असताना गाडी घालू नका, वाफसा येऊ द्या. वाट बांधाच्या कडेने, उताराला आडवी धरा.

कमान छोट्या ट्रॅक्टरला जोडायची असेल, तर ट्रॅक्टरच्या खालच्या ओढपट्टीलाच जोडा. वरच्या टॉपलिंकच्या जागी साखळी बांधली तर ट्रॅक्टर मागे उलटतो.

बैल आणि कायदा

जनावरांच्या ओढकामाबाबत १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. दिवसात एकूण नऊ तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त काम घेऊ नये. पारा ३७ अंशांच्या वर असेल, तर दुपारी १२ ते ३ जनावर जुपू नये. वऱ्हाडातल्या मे महिन्यात हे काम सकाळीच उरकावे. सुटल्यावर मानेवर हात फिरवा. जागा गरम किंवा सुजलेली लागली, तर दुसऱ्या दिवशी जू ठेवू नका.

झाड आपल्या वावरातले असले तरी तोडण्यापूर्वी चौकशी करा. राज्याच्या १९६४ च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्यात साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, बिजा, हळदू अशी झाडे अनुसूचित आहेत, त्यांना परवानगी लागते. गावाबाहेर लाकूड न्यायचे असेल तर वाहतूक परवान्याचे वन कार्यालयात विचारून घ्या. आणि पडलेले झाड विजेच्या तारेला टेकले असेल, तर हात न लावता आधी महावितरणला कळवा.

बंधू-भगिनींनो, गावात दहा घरे मिळून अशी एक कमान केली तरी पुरते. वर्षातून चार-सहा दिवसांचेच तिचे काम असते. पहिला ओंडका हलका घ्या, पन्नास पावले चालवा, थांबून प्रत्येक जोड आणि प्रत्येक कडी तपासा. मगच जड कामाला हात घाला. पेरणीच्या दिवशी जोडी ताजी आणि माणसे धडधाकट असली, म्हणजे कष्टाचे चीज झाले.