काशीची एक संध्याकाळ आणि तोफखान्यातील एक अधिकारी



विल्यम ऑल्फर्ट्स या सैनिकाचे चरित्र थोडक्यात सांगता येण्याजोगे आहे. १८२२ साली आयर्लंडमधील आर्मा परगण्यात तो जन्मला. १८३९ मध्ये कंपनी सरकारच्या बंगाल तोफखान्यात दाखल झाला. १८४३ च्या डिसेंबरात पनियार येथे तो ग्वाल्हेरच्या शिंदेशाही फौजेविरुद्ध लढला. पुढे सिंध, कांगडा व पेशावरचा सरहद्दप्रांत पाहून, क्रिमियाच्या युद्धात तुर्कांच्या बाजूने कार्सला गेला. सोबती त्याला 'हेलफायर जॅक' म्हणत. २५ सप्टेंबर १८५७ रोजी लखनौत त्याने जे धाडस केले, त्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढून १९०२ मध्ये तो निवर्तला.

या यशोमालिकेत काशीची नोंद एखाद्या ओळीची असते. आज मला त्या ओळीविषयीच बोलावयाचे आहे.

४ जून १८५७ रोजी आझमगढच्या उठावाची वार्ता येथे पोहोचली. ३७ व्या पलटणीची हत्यारे त्याच संध्याकाळी काढून घेण्याचे ब्रिगेडियर पॉन्सनबी व कर्नल नील यांनी ठरविले. कवायतीच्या मैदानावर शिपाई बंदुका खाली ठेवू लागले होते. तोच गोरे सैनिक व तोफा पुढे सरकताना त्यांना दिसल्या. आता आपली कत्तल होणार, या भयाने ते बिथरले आणि गोळीबार सुरू झाला. त्या गोंधळात लुधियानाच्या शीख पलटणीतूनही गोळ्या सुटल्या. ऑल्फर्ट्सने तोफांची तोंडे तिच्याकडे वळविली.

त्या शिखांनी बंड केले, की भयाने त्यांचा तोल गेला, याविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. परिणाम मात्र लपलेला नाही. दुसऱ्याच दिवशी जौनपूरला त्याच पलटणीची तुकडी उठली. ६ जूनला अलाहाबादची पलटणही उठली. काशीच्या आसपास नीलचे फाशीचे खांब उभे राहिले.

त्याच रात्री येथल्या कचेरीतील खजिन्यावर शिखांचाच पहारा होता. आपल्या बांधवांवर तोफा चालल्याचे कळताच तेही खवळले. तेव्हा सुरतसिंग या शीख सरदाराने त्यांची समजूत घातली आणि तेथे रक्त सांडले नाही. तोफांनी जे बिघडविले, ते कचेरीत एका माणसाच्या शब्दाने सावरले.

ऑल्फर्ट्सचे शौर्य मी नाकारीत नाही. परंतु सैनिकाची कारकीर्द केवळ पदकांवरून वाचू नये. ज्या गावावर त्याच्या तोफा वळल्या, त्या गावालाही एकदा विचारावे.