बाळाचे वजन व मातेचे आरोग्य



बाळ जन्मले की त्याचे वजन आपण सर्वांस कळवितो. मातेची चौकशी मात्र मागे राहते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने सन १९९३ मध्ये जवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास आरंभिला. पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेणाऱ्या मातांची बाळे अधिक वजनाची आढळली. परंतु बाळाचे वजन मातेच्या भवितव्याचीही खूण होय. अडीच किलोहून हलके बाळ झाल्यास मातेस पुढे हृदयविकाराचा, चार किलोहून जड झाल्यास मधुमेहाचा धोका अधिक संभवतो. म्हणून आम्हां कात्रजकरांची विनंती एवढीच, की बाप्तिस्म्याच्या दाखल्याजवळ वजनाचा कागदही जपावा, तो वैद्यांस दाखवावा, आणि मातेचा रक्तदाब व रक्तातील साखर वेळोवेळी तपासवावी.