डीएलएल फाइल सापडत नाही, तेव्हा

विंडोजवर एखादा प्रोग्रॅम उघडताना कधी कधी संदेश येतो:
डीएलएल फाइल सापडत नाही.
प्रोग्रॅम तिथेच थांबतो.

श्रोतेहो, एवढ्यावरून संगणक बिघडला असे समजू नये.
डीएलएल ही अनेक प्रोग्रॅमना मिळून वापरता येणारी फाइल असते.
ती जागेवर नसली, की प्रोग्रॅम सुरू होत नाही.

आधी संदेश जसाच्या तसा उतरवून घ्यावा.
त्यातले फाइलचे नाव फार महत्त्वाचे.
मग तो प्रोग्रॅम काढून पुन्हा इन्स्टॉल करावा.

फाइलच्या नावात ‘व्हीसीरनटाइम’ दिसले, तर उपाय ठरलेला आहे.
व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल नावाचा संच बसवावा.
तो मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो.
विंडोज ६४ बिटचे असले,
तरी ३२ बिटच्या प्रोग्रॅमला ३२ बिटचाच संच लागतो.
पुष्कळजण नेमके इथे अडकतात.

सुटी डीएलएल फाइल अनोळखी संकेतस्थळावरून कधीही घेऊ नये.
तिच्यासोबत व्हायरस येऊ शकतो.
पुन्हा सांगायचे, तर सुटी फाइल घेऊ नये;
अधिकृत संचच बसवावा.

विंडोजची स्वतःचीच फाइल खराब झाली असेल,
तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडावा.
तिथे एसएफसी, मग एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि स्कॅननाऊ असे टाइप करावे.
तपासणी संपेपर्यंत ती विंडो उघडीच ठेवावी.