मुक्या सोबत्याचे दांत आणि वैद्याची पहिली भेट

घरांतील कुत्र्याच्या तोंडाला दुर्गंधी येऊं लागली, कीं ‘आतां त्याचें वय झालें’ असें म्हणून घरचीं माणसें स्वस्थ बसतात. मनुष्याची दाढ ठणकूं लागली तर सारें घर जागें होतें. परंतु कुत्रा किंवा मांजर दांत दुखत असतांहि पुढें ठेवलेलें अन्न बहुधा खातेंच. ‘खातो आहे, म्हणजे बरा आहे’ हें अनुमान म्हणूनच फसवें ठरतें. प्राण्यांच्या दंतवैद्याकडे जाण्याची तयारी मालकाच्या नजरेपासून सुरू होते, ती यामुळेंच.

कुत्र्याच्या पिलाला २८ दुधाचे दांत येतात व पुढें त्यांच्या जागीं ४२ कायमचे दांत येतात. मांजराचे आंकडे अनुक्रमें २६ व ३० असे आहेत. सातव्या महिन्याच्या सुमारास हा पालट पुरा होतो. त्यानंतरहि दुधाचा सुळा न पडतां त्याच्याच शेजारीं नवा सुळा उभा राहिला असेल, तर तें वैद्यास दाखवावें. प्रौढ जनावरांत मुख्य रोग हिरड्यांचा. दांतांवर जमणारा जंतूंचा मऊ थर लाळेंतील क्षारांनीं थोड्याच दिवसांत दगडासारखा कठीण होतो. त्यास कीटण म्हणतात. जंतूंचा हा थर हिरडीच्या कडेखालीं शिरला, म्हणजे दांताला धरून ठेवणारें हाड झिजूं लागतें. पगसारख्या आंखूड तोंडाच्या कुत्र्यांत तेच ४२ दांत लहानशा जबड्यांत दाटीनें बसलेले असल्यानें हा विकार लौकर बळावतो.

भेटीपूर्वीं आठवडाभर मालकानें कांहीं गोष्टी टिपून ठेवाव्या. जनावर एकाच बाजूनें चावतें काय? तोंडांतून घांस गळतो काय? पंजानें गाल चोळतें काय? खेळण्यावर रक्ताचा डाग दिसतो काय? मांजर भुकेनें ताटलीपाशीं येतें आणि हुंगून परत फिरतें काय? मोबाइल फोनवर घेतलेलें जेवतांनाचें चलच्चित्र या कामीं फार उपयोगीं पडतें. कारण दवाखान्यांत भेदरलेलें जनावर घरच्यासारखें वागत नाहीं. लसींची नोंद, चालू औषधांची नांवें, हृदयाचा किंवा अपस्माराचा विकार, पूर्वीं भूल दिली असल्यास त्या वेळचा अनुभव, हें सर्व एका कागदावर लिहून न्यावें.

दुसरी तयारी संवयीची. अनोळखी हात एकदम ओठ उचलूं लागला, तर शांत कुत्राहि गुरगुरतो. म्हणून आधीं कांहीं दिवस घरच्याच माणसानें गालाला हात लावावा, क्षणभर ओठ वर करावा आणि लगेच आवडीचा खाऊ द्यावा. जनावर मान फिरवील तेथें थांबावें. दुखऱ्या जागीं बळजोरी केली तर पुढची परीक्षा अधिकच अवघड होते. मांजराची नेण्याची पेटी आयत्या वेळीं माळ्यावरून काढूं नये. ती कांहीं दिवस आधींपासून खोलींत उघडी ठेवून आंत ओळखीचें फडकें घालावें.

कांहीं गोष्टी मात्र कटाक्षानें टाळाव्या. पॅरासिटामॉलची एक गोळीहि मांजराच्या जिवावर बेतूं शकते. आयबुप्रोफेननें कुत्र्याच्या जठरास व मूत्रपिंडास इजा होते. माणसांचें दंतमंजन जनावर गिळून टाकतें. त्यांतील फ्लुओराइड त्याला बाधतें, आणि झायलिटॉल ही साखर असल्यास कुत्र्याला तें विषच होय.

पहिल्या भेटींत बहुधा वरवरची तपासणी होते. खरी तपासणी व सफाई भूल देऊन करावी लागते. येथेंच पुष्कळ मालक कचरतात, आणि ‘भूल न देतां दांत खरवडून देतों’ असें सांगणाऱ्याकडे वळतात. तें काम दिसतें स्वच्छ. पण रोग असतो हिरडीखालीं, आणि तेथें जागें जनावर हत्यार पोहोंचूं देत नाहीं. दांताचीं मुळें हाडांत असल्यामुळें त्यांची स्थिति क्ष-किरणांच्या चित्राखेरीज कळत नाहीं. भुलेच्या वेळीं श्वासनलिकेंत घातलेल्या नळीमुळें सफाईचें पाणी फुफ्फुसांत जात नाहीं, हाहि लाभ लहान नाहीं. धोका अगदींच नसतो असें नव्हे. म्हणून मालकानें निःसंकोचपणें विचारावें: रक्ततपासणी केव्हां? भूल दिल्यावर श्वास व नाडी कोण पाहणार? दांत काढण्यापूर्वीं घरीं कळविणार काय? वेदनाशामक औषध कोणतें आणि किती दिवस? किती तास उपाशी ठेवावें आणि पाणी केव्हां बंद करावें, हेंहि वैद्याकडूनच ठरवून घ्यावें. लहान पिलांना फार वेळ उपास सोसत नाहीं, आणि सशाला तर उपाशी ठेवावयाचें नसतें.

केवळ दांतांचें काम करणारे पशुवैद्य आपल्याकडे थोडे आहेत. मुंबईंत परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालें. अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील शस्त्रक्रिया-विभागांत चौकशी करतां येते.

शेवटीं एक भीति उरते: दांत काढले तर तो खाणार कसें? पाळीव कुत्र्याला शिकार करावयाची नसते. मऊ अन्नावर तो उत्तम जगतो, आणि ठणकणारा दांत निघाल्यावर पुष्कळ जनावरें पूर्वींहून आनंदानें जेवूं लागतात. ‘वय झालें’ म्हणून कोपऱ्यांत निजून राहणारा सोबती पुन्हां दारापर्यंत धांवत आला, कीं घरच्यांच्या ध्यानीं येतें, तें वय नव्हतें, दुखणें होतें. तें दुखणें ओळखावयास त्यानें अन्न सोडीपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. आज संध्याकाळींच त्याचा ओठ हलकेच उचलून पाहावा.