वेळेला लागलेली भूक



सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गोठ्यात धारेची वेळ झाली की म्हैस दावणीला चुळबुळ करू लागते. बादली वाजली, रेडकानं ढुसण्या दिल्या, की पान्हा उतरतो. उशीर झाला तर रेकून गोठा डोक्यावर घेते. माणसाच्या पोटाचं याहून वेगळं नाही. जेवणाची रोजची वेळ जवळ आली की जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक रक्तात वाढू लागतं आणि मेंदूला भुकेचा सांगावा धाडतं. जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी ते १९९९ मध्ये शोधून काढलं.

म्हणजे दुपारी एकला लागणारी भूक रिकाम्या पोटाचीच असते असं नाही. पुष्कळदा ती एकच्या सवयीची असते. एकादशी करणाऱ्या घरांना हे ठाऊक आहे. जेवणाच्या वेळेला पोटात कावळे ओरडतात, आणि ती वेळ टळली की भूक मरते. न खाताही घ्रेलिन उतरतं.

पुन्हा सांगायला हवं, कारण चूक इथंच होते: सवयीची भूक खरीच वाटते.

औत हाकणारा गडी बांधावर न्याहारीला तीन भाकरी खायचा, त्या रानात जिरायच्या. आता मशागत ट्रॅक्टरनं होते, रानात जायला मोटारसायकल आहे. पण न्याहारीची वेळ तीच, भाकरीही तीनच. संध्याकाळी मालिका लागली की हात आपोआप भडंगाच्या डब्याकडे जातो. पोटानं काहीच मागितलेलं नसतं!

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही, मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. ते मुलांच्या अभ्यासासाठी होतं. पण अख्खं गाव सवय बदलू शकतं, तर घरानं रात्री दहाचं जेवण आठावर का आणू नये? एकदम नको. धारेची वेळही रोज थोडी थोडी सरकवतात. म्हैस चार दिवस कुरकुरते, मग नव्या वेळेला पान्हा सोडते. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

साखर कारखान्यात पाळी बदलली की कामगाराची जेवणाची वेळही बदलते. त्याच्या पोटानं कुठली वेळ धरायची? हा प्रश्न फार मोठा आहे, आणि आजची वेळ तर संपलीच.