गरीब दिसतो म्हणून साप पाळायचा का?



गटाच्या बैठकीत आपण हप्ता, कर्ज, शेळ्या-कोंबड्या असं सगळं बोलतो. पण गेल्या आषाढातल्या बैठकीत आमच्यापुढे वेगळाच विषय आला. आमच्यातल्या एका ताईंचा मुलगा नववीत आहे. मोबाइलवर परदेशातली पोरं गळ्यात साप घालून बसलेली त्यानं बघितली आणि हट्ट धरला, "आई, मला पण एक लहानसा, गरीब साप पाळायचाय." हट्टावरच थांबला नाही. बांधावरून वीतभर साप बरणीत धरून आणला. म्हणाला, डुरक्या घोणस आहे, बिनविषारी असतो.

ताईंनी हे हसत हसत सांगितलं. पण आम्हाला काही हसू येईना. बैठक तशीच टाकून आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो आणि सर्पमित्राला फोन लावला. त्यांनी बरणीत लांबूनच बघितलं आणि सगळ्यांना मागं सरायला लावलं. ते खऱ्या घोणसेचं पिल्लू होतं. दोन रात्री ती बरणी पोराच्या उशाशी होती.

घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि पिल्लाला जन्मापासूनच विष असतं. डुरक्या घोणस खरोखर बिनविषारी. पण दोघींच्या अंगावर तपकिरी ठिपके, दोघी जाडजूड, म्हणून भलेभले फसतात. घोणसेचे ठिपके साखळीसारखे ओळीत असतात आणि शेपटी निमुळती असते. डुरक्याचे डाग वेडेवाकडे आणि शेपटी आखूड, बोथट. हे ऐकायला सोपं आहे. पण अंधारात, गवतात, घाबरलेल्या डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून साप ओळखता येतो असं वाटलं, तरी हात लावायचा नाही.

आता 'गरीब' या शब्दाबद्दल. मण्यार दिवसा सुस्त असते, डिवचली तर वेटोळ्यात डोकं लपवते. बघणाऱ्याला वाटेल, किती गरीब! तीच मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. फुरसं तर दिसायला एवढंसं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मोठे विषारी साप, त्यातलंच ते एक. तेव्हा लहान आहे, शांत आहे, यावरून साप निवडता येत नाही.

मग परदेशातली मुलं पाळतात ते कसं? आम्ही सर्पमित्रांना हेच विचारलं. तिकडे नवख्या माणसाला कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन घ्यायला सांगतात. पहिला मूळचा अमेरिकेतला, दुसरा आफ्रिकेतला. दोन्ही बिनविषारी. पाळायला घेतात ते बहुतेक पिंजऱ्यातच जन्मलेले, माणसाच्या हाताची सवय झालेले असतात. तरी त्यांना ऊब देणारी पेटी लागते, खायला उंदीर लागतात, आणि ते वीस-वीस वर्षं जगू शकतात. पोरगं शिकायला शहरात गेलं, की उंदीर कोण घालणार? आईच ना!

आपल्या बांधावरचा साप मात्र रानातला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो धरणं, घरात ठेवणं, विकणं हा गुन्हा आहे. बिनविषारी असला तरी गुन्हाच. इथं मांडुळाचंही सांगायला हवं. मांडूळ अगदी शांत, सहसा चावत नाही. शेपटी डोक्यासारखी बोथट, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. तोंड एकच असतं. त्याच्यामुळे गुप्तधन सापडतं, त्याला लाखांचा भाव मिळतो, असं सांगत कोणी गावात आलं तर विश्वास ठेवू नका. गुप्तधनाची गोष्ट खोटी आहे. या व्यवहारात पकडला जातो तो बहुतेक वेळा आपलाच माणूस, आणि कर्ज काढून जामीन मिळवायची वेळ घरच्या बाईवर येते.

धामण, मांडूळ, डुरक्या हे आपल्या शेतातले उंदीर फुकटात खातात. बांधावर राहू दिलं, तेच त्यांचं पाळणं. आणखी काही करायची गरज नाही.

घरात साप निघाला तर मारू नका, धरू नका. मुलांना, जनावरांना लांब ठेवा, सापावर लांबून नजर ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. चावलाच तर बांगड्या, अंगठी, जोडवी लगेच काढा. चावलेला हात-पाय हलवू देऊ नका. घट्ट बांधू नका, चिरा देऊ नका. देवळात किंवा मांत्रिकाकडे वेळ न घालवता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा.

त्या मुलाला आम्ही रागावलो नाही. त्याची आवड खरी आहे. सर्पमित्रांनी त्याला एक वही दिली. गावात कुठं, कधी, कोणता साप निघाला ते तो त्यांना विचारून लिहितो. बरणी ताईंनी घासूनपुसून परत घेतली. आता तिच्यात लोणचं आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं हा विषय काढा. आणि घरी गेल्यावर पोरांच्या उशाशी काय काय ठेवलंय, तेही एकदा बघा.